शब्दचर्चा : धावण्याची ‘सीमा’, ‘मर्यादा’ की आणखी काही?

रत्नागिरीहून
आमच्या शाळेच्या क्रीडा अंकासाठी मुलं एक लेख लिहितायत. माणूस जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकेल, आणि ते आपल्याला कधी कळेल का? गाडं मथळ्यावरच अडलं. एकीने ‘मानवी धावेची सीमा’ लिहिलं. दुसरीने ‘सीमा’ खोडून ‘मर्यादा’ केलं. तिचं म्हणणं, सीमेवर दगड असतो, मर्यादेवर नसतो. मला पटलं, पण का पटलं ते धड सांगता येईना.

मला क्रियापदं खटकतात. सीमा आपण ओलांडतो, मर्यादा पाळतो किंवा सोडतो, हद्द नुसती ‘होते’, विक्रम मोडतो. ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टर यांनी ऑक्सफर्डला ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत, म्हणजे प्रथमच चार मिनिटांच्या आत, मैल काढला, तेव्हा यातलं काय झालं? सीमा ओलांडली म्हणावं, तर ४६ दिवसांत जॉन लँडी यांनी तोच मैल ३ मिनिटे ५८ सेकंदांत काढला आणि १९९९ मध्ये हिशाम एल गेरूज ३:४३.१३ वर गेले. ओलांडली की सीमा मागे राहायला हवी, ही तर पुढे पुढे सरकत राहिली. शिवाय चार मिनिटं ही शरीरावरची खूण नव्हतीच. मैल आणि मिनिट या दोन मापांची ती पडलेली गाठ. आपण कोसाने मोजत असतो तर तो आकडा कुणाच्या डोळ्यांत भरलाही नसता.

दापोलीहून
‘उच्चांक’ शब्दही तपासा. उसेन बोल्ट यांचे २००९ चे बर्लिनमधले ९.५८ सेकंद हा शंभर मीटरचा उच्चांक, पण आकडा तर सगळ्यांत लहान! खरं तर नीचांक. पण ‘नीचांक’ म्हटलं की आम्हाला इथली जानेवारीची थंडीच आठवते. म्हणून मी ‘विक्रम’ वापरते. त्यातला ‘क्रम्’ धातू म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलांत सगळं व्यापणारा तो त्रिविक्रम. धावणाऱ्यासाठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

वेंगुर्ल्याहून
सर, ‘मर्यादा’ सोडू नका. तुमच्या पुळणीवर मर्यादवेल असेलच. जांभळट गुलाबी फुलं, आपट्यासारखी मधोमध चिरलेली पानं. भरतीची ओल जिथे संपते तिथून तिचं राज्य सुरू होतं. समुद्राने इथवरच यायचं, म्हणून मर्यादवेल, असं जुनी माणसं सांगतात. पण तिच्या शेंड्याकडे नीट बघा. तो पाण्याच्या दिशेने सरपटत असतो, पेरापेराला मुळं सोडत. पावसाळ्यातलं उधाण तो शेंडा तोडून नेतं आणि लाटा उतरल्या की वेल पुन्हा निघते. मर्यादा हा शब्द मी तिच्याकडून शिकलो. ती असते, पण काल होती तिथे आज नसते.

अलिबागहून
मी स्वतः मॅरेथॉन धावतो, म्हणून एक सांगतो. ‘मानवी’ या शब्दावर कुणी बोललंच नाही. एलिउड किपचोगे यांनी २०१९ मध्ये व्हिएन्नाला १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. पुढे वारा अडवायला आळीपाळीने धावणारे सोबती होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला नाही. केल्विन किप्टुम यांनी २०२३ मध्ये शिकागोला काढलेला २:००:३५ मात्र धरला गेला. मग यातली माणसाची धाव कुठली? बूट, रस्ता, हवा, सोबती हे सगळं वजा केलं तर उरतं कोण? शंभर मीटरला पाठीवर सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असला तर विक्रम मान्य होत नाही. पण २.० चालतो. ती रेघ माणसांनीच मारलेली आहे.

हर्णैहून
आमचं घराणं होडीवर वाढलेलं. गुरुजी, तुम्हाला हवा तो शब्द पाण्यात आहे : थांग. आजोबा दोरीला शिसं बांधून खोली बघायचे, वावांत (दोन्ही हात पसरून होते तेवढी लांबी म्हणजे एक वाव) मोजायचे. शिसं टेकलं की दोरी सैल पडते, हाताला लगेच कळतं. दोरी संपली आणि सैल पडली नाही, तर म्हणायचं थांग लागत नाही. त्या पाण्याला तळ नाही असं कुणी म्हणत नव्हतं. तळ आहेच, आपली दोरी पुरली नाही एवढंच. पाच सेकंदांत शंभर मीटर कुणी धावणार नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे तळ आहे. पण ‘आहे’ आणि ‘लागला’ यांत अख्खं पाणी आहे.

रत्नागिरीहून
काका, वर्गात तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. ‘सीमा’वाल्या मुलीने लगेच विचारलं, मग दोरी सैल पडली हे धावण्यात कसं कळणार? मी तिला फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर यांचं उदाहरण दिलं. १९८८ मध्ये त्यांनी महिलांचं शंभर मीटर १०.४९ सेकंदांत काढलं. पस्तीस वर्षांनीही त्याला कुणी हात लावला नव्हता. दोरी सैल पडल्यासारखीच वाटते. पण त्या शर्यतीत वारा मोजणाऱ्या यंत्राने शून्य दाखवलं आणि त्या शून्याबद्दल तेव्हापासून शंका आहे. म्हणजे तळ लागला की दोरीच फसवी, याचाच निकाल होत नाही. धावणं थांबवलं तरच थांग लागल्यासारखं वाटेल, आणि तेही चुकीचं. ती गप्प बसली, मग म्हणाली, ‘सर, म्हणजे चूक होती हे कळतं, बरोबर होतं हे कधीच नाही.’ एवढं नेमकं मला सुचलं नव्हतं.

आमच्या बीडचे अविनाश साबळे मुलांना जवळचे वाटतात. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, २०२२ ला ८:११.२०, २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१. दोन वर्षांत दीड सेकंदही नाही. पण तेवढ्यासाठी ऊर फुटेपर्यंत धावणं काय असतं, हे शाळेच्या मैदानावर चार फेऱ्या मारलेल्या मुलांना सांगावं लागत नाही.

मथळा ठरला : ‘माणसाच्या धावेचा थांग’. ‘मर्यादा’ आत राहील, मर्यादवेलीच्या चित्राखाली. वेंगुर्ल्याहून आलेलं वाचून मुलं शनिवारी ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर जाणार आहेत. वेलीच्या सगळ्यांत पुढच्या शेंड्यापासून ओल्या रेघेपर्यंत किती पावलं, ते मोजून आणतील. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं आत्ताच ठरलंय.