मदत हवी आहे : औषध घातलेल्या फिश टँकचं पाणी झाडांना कधीपासून चालेल?

मंडळी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो. घरी ८० लिटरची काचेची टाकी आहे, त्यात तीन गोल्डफिश. दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो. काढलेलं पाणी दोन वर्षं गच्चीवरच्या कुंड्यांना घालतोय. कढीपत्ता आणि मिरची त्यावर जोमात होती, वेगळं खत कधी घालावं लागलं नाही.

महिन्यापूर्वी माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराच्या सांगण्यावरून १६० ग्रॅम खडेमीठ आणि निळं औषध (मिथिलीन ब्लू) घातलं. मासे बरे झाले, पण त्या आठवड्याचं पाणी मी सवयीने कढीपत्त्याला घातलं. आता त्याच्या पानांच्या कडा करपून कुरकुरीत झाल्यात. फार जीव लावून वाढवलेलं झाड आहे.

आतापर्यंत केलेलं : कुंडी दोनदा साध्या पाण्याने भरपूर धुतली, खालून पाणी वाहेपर्यंत. टाकीचं पाणी चार वेळा बदललं. नवीन पाणी नळाचंच, क्लोरीन जावं म्हणून एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. माझ्या हिशोबाने तरी एक तृतीयांश मीठ अजून टाकीत असणार, कारण ते उडून जात नाही. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०, पीएच ७.८. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) नाही.

सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, मासे नुकतेच सावरलेत. पाणी गटारात सोडायलाही जीव होत नाही.

तर अजून किती वेळा पाणी बदलल्यावर ते खायच्या झाडांना घालता येईल? आणि तोवर शोभेच्या झाडांना निम्मं साधं पाणी मिसळून घातलं तर चालेल का?