कुठलं पात्र तुम्हाला आपल्या घरातलं वाटलं? (अनुभव धागा)

परवा आमच्या वाचनगटात चांगलाच वाद झाला. पुस्तकातला माणूस तसा का वागतो, एवढाच विषय. एकजण म्हणाले स्वभाव, दुसऱ्या म्हणाल्या नशीब, आणि मी म्हणत राहिले की स्वभाव नंतर बघू, आधी त्या घरात चूल किती वेळा पेटत होती आणि घरातल्या माणसाला बाहेर कुणाकुणाचं ऐकून घ्यावं लागत होतं ते बघा, मग तो असा का झाला हे आपोआप कळतं.

तर सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं आहे. कादंबरी, नाटक, कथा, काहीही चालेल. पुस्तकाचं परीक्षण नको, ते पुष्कळ ठिकाणी मिळतं. तुमचं घर आणि ते पात्र यांची गाठ कुठे पडली ते लिहा. स्वतःचं नाव नको असेल तर गाव आणि काम लिहा, पुरे.

कोल्हापूर जिल्हा, निवृत्त प्राथमिक शिक्षक

'झोंबी'तला आनंदा. आनंद यादवांचं हे पुस्तक १९८७ ला आलं, मी तेव्हा नवीनच नोकरीला लागलो होतो आणि एका सहकाऱ्यानं वाचायला दिलं. कागल आमच्यापासून लांब नाही, भाषा आमचीच, मळा, गुऱ्हाळ, पाणी पाजणं सगळं आमचंच.

बापानं पोराला शाळेतनं काढून मळ्यात उभं केलंय, स्वतः गावभर हिंडतोय. पोराला शिकायचंय. आईला पटतंय पण तिचं घरात चालत नाही. मग मायलेकरं दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, ते बापाला बोलवून घेऊन झाडतात, आणि मग बाप कबूल होतो. ते पण अटी घालून बरं का, सकाळी अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा, शाळा सुटली की गुरं, आणि काम जास्त असलं तर त्या दिवशी शाळा नाही.

मी त्या पानावर फार वेळ अडकलो. बापानं बायकोचं ऐकलं नाही, पोराच्या रडण्याचं ऐकलं नाही, वाड्यावरच्या माणसाचं ऐकलं. माझ्या आईनं पण हेच केलं होतं. ती दूध संस्थेच्या चेअरमनकडं गेली, पदर पसरला म्हणा, आणि त्यांनी माझ्या वडलांना संस्थेच्या दारातच विचारलं की पोरगं शाळेत का नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत. आई रोज तेच सांगत होती की.

पुढं मास्तर झाल्यावर मी पोरांच्या घरी जायचो, विशेषतः ऊस तोडणीच्या दिवसांत, आणि माझं ऐकायचे लोक. माझं म्हणणं काय वेगळं होतं? त्या पोराच्या आईचंच म्हणणं मी पँट-शर्ट घालून सांगत होतो. म्हणून आनंदा जिद्दी होता म्हणून शिकला एवढं कुणी म्हटलं की मला अपुरं वाटतं. जिद्द होतीच. पण आईला कुणाच्या दारात जायचं ते कळलं आणि पुढं शाळेत सौंदलगेकर मास्तर भेटले, ज्यांनी कविता गाऊन शिकवली. गुरं राखताना म्हशीच्या पाठीवर काडीनं कविता लिहिणारं पोरगं एकट्याच्या बळावर तयार होत नाही.

मूळ दापोली तालुका, आता डोंबिवली, बँकेत नोकरी

'श्यामची आई'. हे नाव घेतलं की लोक लगेच डोळे पुसायला लागतात, पण मी बँकेत कर्ज विभागात काम करते आणि मला त्या पुस्तकात पानोपानी कर्ज दिसतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातल्या एका रात्रीचं नावच आहे 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक'. खोताचं घर, म्हणजे गावात मान, पण भावकीपासून वेगळं व्हावं लागलेलं, भांडणतंटे, सावकाराचा माणूस दारात. मान आहे आणि पैसा नाही ही फार वाईट अवस्था असते, कारण मागताही येत नाही. आमच्या आजोळी अगदी हेच. वाटण्या, कोर्ट, आणि आजीचे दागिने एकेक करून गेले. शेवटी तिच्या गळ्यात काळी पोत राहिली तरी ती दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडायची नाही.

आणखी एक. सगळे म्हणतात श्याम आईने घडवला, पुस्तकाचं नावच तसं आहे. पण अळणी भाजीची गोष्ट आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, आणि वडील काही न बोलता जेवतात, त्यांच्याकडे बघून मुलंही तशीच जेवतात, आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. हा धडा वडिलांनी दिलाय, तोंडातून शब्द न काढता. आणि याच वडिलांच्या व्यवहारामुळे घर बुडालं. एकाच माणसाकडून चांगुलपणा पण आला आणि नरक पण. माझे आजोबा असेच होते, त्यांच्यावर धड रागावता आलं नाही आम्हाला कधी. श्यामच्या मनात जी सतत हळहळ आहे ना, ती मला इथून आलेली वाटते.

नाशिक, गृहिणी

वरच्या ताईंचं पटलं, फक्त एक जोडते. आई पण नुसती मायाळू नाहीये हो. पोहायला जायचं टाळून लपून बसलेल्या श्यामला ती फोकाने मारून विहिरीवर पाठवते. का, तर आपल्या मुलाला लोक भित्रा म्हणतील हे तिला सहन होत नाही. गरीब घरातल्या आईला लोकांच्या बोलण्याची धास्ती जास्त असते, कारण मुलगा सोडून तिच्याकडे मिरवायला दुसरं काही नसतं. माझ्या आईने मला मारलंय ते याच कारणाने, आणि मी मुलांना मारलं नाही कारण माझं घर भाड्याचं नाही, एवढाच फरक आहे असं मला मनापासून वाटतं.

पुणे, वय सत्तरच्या पुढे

मला 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या यमूबद्दल सांगायचंय. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक १८९० साली सुरू केलं आणि ही गोष्ट त्यात क्रमशः येत होती, म्हणजे लोक आठवड्याला आठवड्याला वाचत होते, आणि त्याच सुमारास १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा करण्यावरून पुण्यात रणकंदन चाललेलं. कायदा वयाचं बोलत होता. मुलगी विधवा झाल्यावर तिच्या डोक्यावरच्या केसांचं काय करायचं ते मात्र घरातले पुरुष ओसरीवर बसून ठरवत होते.

माझी पणजी आलवणात होती, म्हणजे विधवेच्या वेषात. मी लहान असताना ती होती, लालसर लुगडं डोक्यावरून घट्ट ओढलेलं, आणि आम्हा मुलांना ते नेहमीचंच वाटायचं. यमू वाचल्यावर पहिल्यांदा मला कळलं की हे कुणीतरी धरून बसवून केलेलं असतं. यमूची गोष्ट जास्त लागते ती यामुळे की मधली काही वर्षं ती सुखात आहे. नवरा समंजस, तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड केल्यावर ती मोकळेपणी बोलते, विचार करते. तीच मुलगी, तोच स्वभाव, नवरा गेला आणि सासरच्यांच्या हाती परत आली की संपलं सगळं. आणि तिची मैत्रीण दुर्गी, तिला तर तेवढी मधली वर्षंही मिळाली नाहीत.

पणजीला हिंगण्याला, कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमात पाठवावं असं तिच्या एका भावाच्या मनात होतं म्हणे. पाठवलं नाही. लोक काय म्हणतील. माझ्या आईने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता, आणि आई कधी आवाज चढवत नसे. भाऊ पाठवता तर पणजी काय झाली असती याचा विचार मी अजून करते.

अमरावती जिल्हा, अंगणवाडी सेविका

मले लिहाची सवय नाही, तरी लिहितो. उद्धव शेळकेंची 'धग', १९६० ची. त्यातली कौतिक म्हणजे माही मायच. नवरा शिवणकामवाला पण कामाची हौस नाही, अन् ही बाई मजुरी करून करून घर ओढते. लेकराईनं शिकावं, घर वर यावं, एवढंच तिले पायजे. अन् होत काहीच नाही. पुस्तकात वऱ्हाडी बोलणं हाय म्हणून मी जोरानं वाचून दाखवलं मायले, ते आयकत बसली अन् म्हणे, "हे कोणं सांगतलं त्याले?"

लोकं म्हणतात कौतिक लय सोशिक. मी म्हणतो नाही, ते भांडते. नवऱ्यासंग भांडते, नशिबासंग भांडते, कामाले जाते तिथंबी बोलते. सोशिक म्हणून सोडून देऊ नका तिले. बाईनं एवढं भांडूनबी घर वर येत नाही, तर मंग दोष तिचा कसा? आमच्या केंद्रावर वजन न वाढणारं लेकरू आलं की सगळे आधी मायलेच बोलतात, बाप कुठी हाय हे कोणी इचारत नाही.

मूळ वाळवा तालुका, आता घाटकोपर

अण्णा भाऊ साठेंचा 'फकिरा'. अण्णा भाऊ आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, आणि मुंबईत राहायचे ते घाटकोपरच्या चिरागनगरात, त्यामुळे आमच्या घरात हे पुस्तक देवाच्या फोटोशेजारी असायचं. १९५९ साली आलं, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेलं.

आमच्याकडच्या पोरांना फकिरा म्हणजे घोडा, तलवार आणि इंग्रजांशी लढाई, आणि ते खरंच आहे, छाती भरून येते. पण माझे आजोबा वेगळं सांगायचे. ते म्हणायचे आधी उपास वाच, मग तलवार वाच. गावात दुष्काळ, साथ, माणसं पटापट मरताहेत, आणि कुणाच्या तरी कोठारात धान्य आहे. फकिरा ते लुटतो ते वस्ती जगवायला. बाप राणोजी गावाला जत्रेचा मान देणाऱ्या जोगणीसाठी जीव देऊन गेलेला, म्हणजे गावासाठी मरायची रीत घरातच होती, पण त्याच गावात सरकार फकिराच्या मांग समाजाची चावडीवर हजेरी घेणार, जन्माने गुन्हेगार म्हणणार. १८७१ चा तो गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला. आजोबा हजेरीचं फार बोलायचे नाहीत. रात्री परगावी राहायचं झालं की मात्र अस्वस्थ व्हायचे, पार म्हातारपणापर्यंत, मुंबईत आमच्याकडे मुक्कामाला आले तरी. आता सांगा, हा स्वभाव म्हणायचा का?

मला तरी फकिरा शूर जन्मला असं वाटत नाही. बापाचं मरण बघितलं, आईच्या पोटात खड्डा बघितला, आणि मुकाट बसलं तरी सरकार चोरच म्हणणार हे कळलं, मग त्याच्यापुढे दुसरी वाट कुठली होती?

जालना जिल्हा, शेती, शिक्षण एम. ए. बी. एड.

माझं शिक्षण वाचूनच ओळखलं असेल, 'बारोमास'मधला एकनाथ. सदानंद देशमुखांची कादंबरी २००२ ची, २००४ ला साहित्य अकादमी मिळाली. एकनाथकडे पण हीच डिग्री. संस्थेत मास्तर म्हणून लागायचं तर पैसे भरायचे, पैसे कुठून आणायचे तर जमीन विकून, आणि जमीन विकली तर बाप जिवंतपणी मरतो. मला पण एका संस्थेने आकडा सांगितला होता, संस्थेचं नाव सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. वडील म्हणाले दोन एकर काढू. मी नको म्हणालो. मग पाच-सहा वर्षं घरात त्यावरूनच धुसफूस, पाऊस पडला तरी भांडण, नाही पडला तरी भांडण.

एकनाथची बायको अलका शहरातली, ती शेवटी निघून जाते, आणि वाचणारे तिला नावं ठेवतात. मी नाही ठेवत. तिला नोकरीवाला नवरा मिळणार म्हणून लग्न लावून दिलेलं, तिची पण फसवणूकच की. माझी बायको गेली नाही, कारण तिच्या माहेरी पण कोरडवाहूच आहे, जाऊन करणार काय. आम्ही दोघं हे उघड बोलतो आता. एकनाथ चिडका का, बापाशी असं का बोलतो, भावाशी का पटत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही पडली. बाजारसमितीत कापूस किंवा सोयाबीन घेऊन जा, भाव ऐका आणि घरी येऊन बायकोशी गोड बोलून दाखवा.

ठाणे, नोकरी, एकत्र कुटुंब

सगळ्यांनी कष्टाचं लिहिलंय, माझं जरा वेगळ्या बाजूचं आहे. 'नटसम्राट'. शिरवाडकरांचं नाटक, १९७० ला रंगभूमीवर आलं, तेव्हापासून अप्पा बेलवलकर रडवताहेत आणि मी पण रडले. सगळं मुलांना देऊन टाकलं आणि मुलाच्या घरात, मग मुलीच्या घरात अपमान, चोरीचा आळसुद्धा. पण मी सून आहे, माझ्या घरात सासरे आहेत, आयुष्यभर मोठ्या पदावर होते, आणि घरी आल्यावर पण सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं अशी सवय. माझा नवरा वडिलांसमोर अजून चाळीशीत अडखळत बोलतो.

म्हणून मला विचारावंसं वाटतं की अप्पांची मुलं तशी का झाली? बाप रोज रात्री राजा होऊन हजार माणसांपुढे उभा राहतोय, दौऱ्यावर जातोय, तेव्हा ही दोन पोरं कुणाजवळ झोपत होती? नाटकात ते फारसं येत नाही, आणि नाटक अप्पांचं आहे तर यायला हवंच असंही नाही. कृतघ्न म्हणून मुलांना सोडून दिलं की आपण सुटतो. मुलीने आळ घेतला ते चूकच, त्यात दुमत नाही. पण वर शिक्षकदादांनी आनंदाच्या बापाबद्दल जसं बारकाईने लिहिलंय तसं कुणी अप्पांच्या मुलांबद्दल, सुनेबद्दल लिहिलंय का? कथा, एकांकिका, काहीही. माहीत असेल तर इथेच खाली टाका, सासऱ्यांना पण वाचायला देणार आहे.