शेजाऱ्यांनी आडोशाची झाडं तोडली, विमावाले नाही म्हणतात, पुढे काय करू?

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. घरामागे आमची कामिनीची रांग होती, अकरा झाडं, पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः लावलेली, आणि कोपऱ्यात चार मोरपंखी. डोक्यावर हातभर उंच आणि इतकी दाट की मागचं अंगण बाहेरून दिसायचंच नाही. गेल्या महिन्यात चार दिवस बाहेरगावी गेलो, परत येऊन बघतो तर शेजाऱ्यांनी भिंतीच्या पायासाठी रांगेला लागून चर खणलाय, मुळं तोडलीत, कामिनी गुडघ्याएवढी छाटलीये आणि मोरपंखीची त्यांच्याकडची बाजू पार उघडी पडलीये. विचारलं तर म्हणे फांद्या आमच्या हद्दीत येत होत्या, आणि वर "झाडंच आहेत, येतील परत." सासूबाई रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायच्या, आता दार उघडून बघतात आणि आत येतात. मला त्याचंच जास्त लागलंय.

विमा कंपनीला फोन केला तर झाडं कव्हर होत नाहीत म्हणाले. माळी म्हणतो सगळं उपटा नवीन लावा. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
ताई, वाचून खरंच वाईट वाटलं. पहिली गोष्ट म्हणजे काहीही उपटू नका, माळ्याला थांबवा. कामिनी चिवट असते, जुन्या लाकडातून पण फुटते. प्रत्येक बुंध्यावर नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं ओलसर दिसलं की झाड जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर अजून खाली खरवडा, कारण वरचा भाग मेला तरी बुडाशी जीव असू शकतो. मोरपंखीचं मात्र तसं नाही, आतल्या तपकिरी उघड्या लाकडावर तिला सहसा नवीन पालवी येत नाही, त्यामुळे ती बाजू भरून येईल ही आशा धरू नका, ती चार बदलावी लागतील असंच धरून चला.

आणि लोक घाईघाईने खत घालतात ते अजिबात करू नका, मुळं तुटलेली असताना झाडाला ते झेपत नाही. चर भरून घ्या, फाटलेली मुळं धारदार कात्रीने स्वच्छ कापा, पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी पण खोलवर जाईल असं द्या, वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन टाका पण बुंध्याला चिकटवू नका, साल कुजते. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. पण हे सगळं फोटो काढल्यावर!! चर उघडा असताना तुटलेली मुळं टेप लावून फोटोत घ्या.

प्रतिसाद २
विम्याबद्दल मी सांगतो, आमच्याकडे गाडी घुसून कुंपण गेलं होतं तेव्हा वर्षभर यातच होतो. फोनवरच्या "नाही"ला उत्तर समजू नका. लेखी क्लेम टाका आणि नाकारत असतील तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. काही पॉलिसीत झाडं सरसकट धरत नाहीत पण आग, वीज, गाडीची धडक, चोरी, मुद्दाम केलेली नासधूस अशा ठराविक कारणांसाठी धरतात, आणि तिथेही दर झाडामागे मर्यादा असते आणि सुरुवातीची काही रक्कम आपल्यालाच सोसावी लागते. म्हणून "झाडं तोडली" एवढंच न लिहिता कोणी, कधी, आपल्या हद्दीत शिरून, परवानगीशिवाय, हे सगळं लिहा. दुसरी बाजू म्हणजे शेजाऱ्यांच्या कंत्राटदाराचा स्वतःचा दायित्व विमा (त्याच्या कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) असू शकतो, तो तपशील लेखी मागून घ्या, आमच्याकडे पैसे शेवटी समोरच्याच्याच विम्यातून आले.

झाडांच्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या, जात, वय, उंची, नुकसान, आणि तेवढीच झाडं आणून लावण्याचा खर्च, माळ्याच्या तोंडी आकड्याला कोणी विचारत नाही. आणि कळकळीने सांगतो, फुल अँड फायनलच्या, म्हणजे यापुढे आणखी काही मागणार नाही अशा कागदावर लगेच सही करू नका. मुळं तुटल्याचा परिणाम कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी दिसतो, फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात, आणि सही झाली की मग तुमचं कोणी ऐकणार नाही.

प्रतिसाद ३
आधी हद्दीची मोजणी करून घ्या. बुंधा कुणाच्या जमिनीत आहे यावर सगळं उभं आहे. बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्याला हद्दीबाहेर आलेली फांदी हद्दीपर्यंत कापता येते पण आपल्या बाजूला येऊन बुंधा छाटता येत नाही, तुमच्याकडचा नियम वकिलाला एकदा विचारा. आणि त्यांच्याशी भिंतीवरून बोलणं बंद करा, जे काय ते कागदावर, शांत भाषेत, तारखेसकट. आम्ही भांडलो आणि नंतर आमचंच भांडण आमच्या विरोधात दाखवलं गेलं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी अकराही झाडं खरवडली. आठ हिरवी निघाली!! दोन फक्त बुडाशी ओली आहेत आणि चराला अगदी लागून असलेलं एक पूर्ण कोरडं. चर अजून उघडा होता म्हणून टेप लावून फोटो काढले, एक मूळ माझ्या मनगटाएवढं जाड, सरळ तोडलेलं. क्लेम ईमेलने टाकला, मोजणीचा अर्ज पण आजच देतोय. पण तोपर्यंत आडोशाचं काय करू, सासूबाईंना परत बसता यायला हवं.

प्रतिसाद १
आठ म्हणजे खूप चांगलं आहे ताई! आडोशाला सुटे खांब रोवून बांबूच्या चटया बांधा, पण रांगेपासून दोन-तीन फूट आत, तुमच्या बाजूला, म्हणजे फुटव्याला ऊन मिळेल आणि खांबांसाठी खणताना उरलेली मुळं दुखावणार नाहीत. भरायच्या जागी फार मोठी झाडं आणू नका, लहान रोप लवकर मूळ धरतं आणि बरेचदा मोठ्याला गाठतं. पुढे छाटताना खालून रुंद वरून निमुळतं ठेवा नाहीतर बुडाशी ऊन पोचत नाही आणि नेमकं बसल्यावर डोळ्यांसमोर येतं तिथेच विरळ होतं.

धागाकर्ती
चटया उद्याच बांधतो. खुर्ची कुठे ठेवायची ते सासूबाईंनाच विचारून खांब ठरवते.