मदत हवी आहे: अहिंसेवरच्या पथनाट्याला आणि पिशव्यांच्या उद्योगाला निधी (डिचोली, गोवा)

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण आहोत, संस्था नोंदवलेली नाही. कामं दोन. एक, २५ मिनिटांचं पथनाट्य आणि त्याला जोडून आठवी-नववीच्या मुलांसाठी दीड तासाची कार्यशाळा: भांडण हातघाईवर न येता कसं मिटवायचं. नाटकाचा कणा म्हणजे गोवा मुक्तिलढ्यातल्या दोन घटना: १८ जून १९४६ची मडगावची सभा आणि १५ ऑगस्ट १९५५चा पत्रादेवीचा सत्याग्रह. दुसरं, याच विषयावर छापलेल्या कापडी पिशव्यांची विक्री.

१२ शाळांचा अंदाज असा: प्रवास १८,०००, मानधन ६०,०००, वेशभूषा व सामान १५,०००, पुस्तिका १२,०००. पिशव्यांचं भांडवल ४०,०००. एकूण १,४५,००० रुपये. लिस्बन आणि लंडनमधले गाववाले मिळून साठेक हजार द्यायला तयार आहेत. हे पैसे एकाच्या बचत खात्यात घ्यावेत का? सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) किंवा कर्ज मिळेल का?

हिशेबनीस
परदेशच्या पैशाचं आधी, कारण गोव्यातले गट इथेच अडकतात. देणारा राहतो कुठे हे बघू नका, पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय पासपोर्टवाला लंडनमध्ये राहून स्वतःच्या बचतीतून देत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याच्या दृष्टीनं तो परदेशी स्रोत. त्याचे पैसे सामाजिक-सांस्कृतिक कार्यक्रमासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत. गट नोंदवलेला नाही म्हणून सुटका होत नाही.

नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो. पूर्वपरवानगी ठरावीक देणगीदार आणि ठरावीक रकमेपुरती मिळते, पण तिलाही दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं उघडावं लागतं. साठ हजारांसाठी हा खटाटोप करू नका. ‘एफसीआरए असलेल्या संस्थेकडून फिरवून घ्या’ असं कुणीतरी सुचवेलच. २०२०च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी दुसऱ्याकडे वर्ग करायला बंदी आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांचंच घ्या आणि प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत फायलीत ठेवा.

आता बचत खातं. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,०००च्या वर रक्कम आली, तर वरची नव्हे, सगळीच रक्कम त्या खातेदाराचं करपात्र उत्पन्न होते. शिवाय त्याचा पगार आणि नाटकाचा पैसा एकाच पासबुकात आला की हिशेब कुणालाच पटवता येत नाही.

मांडावरून
संस्था नोंदवायची तर १८६०च्या सोसायटी कायद्याखाली सात सभासद लागतात. तुम्ही पाच आहात. यंदापुरतं १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या असलेल्या गोव्यातल्या एखाद्या संस्थेशी लेखी करार करा. देणगी त्यांच्या खात्यात जाईल, पावती ते देतील, खर्च तुमच्या प्रकल्पाच्या नावानं वेगळा दाखवतील. करारात तीन गोष्टी हव्याच: व्यवस्थापनापोटी ते किती टक्के कापणार, बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे सोडणार, संहिता आणि चित्रं कुणाच्या मालकीची. तिसरी राहून जाते आणि पुढे त्यावरूनच वाजतं. देणगीदारांना हेही सांगा, की २,०००च्या वर रोख दिलं तर ८०जीची वजावट नाही.

सीएसआर व्यक्तीला मिळत नाही. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या बऱ्याच योजनाही नोंदणीकृत संस्थांसाठी असतात. व्यक्तीला अर्ज करता येतो तो बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे, आणि तो मराठीतूनही चालतो. पण तिथे कलेतला शोध काय हे विचारतात. १२ शाळांचा दौरा दाखवलात तर जमणार नाही. पत्रादेवीच्या आठवणी गोळा करून त्यातून संहिता कशी घडवणार, ते मांडा.

अर्जात ‘अहिंसेचा प्रसार’ एवढंच लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. मुलं दोन गटांत बसतील, मैदानाच्या वेळेवरून झालेलं खरं भांडण घेतील, प्रत्येक गट आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगेल, मगच आपलं मांडेल, असं लिहा. दोन महिन्यांनी शिक्षकांकडून काय विचारून घेणार, तेही लिहा. हा विषय इतका मोलाचा आहे की मोघम शब्दांत तो वाया जाऊ नये.

कापडवाला
पिशव्या नाटकाच्या अंदाजपत्रकातून बाहेर काढा. विक्रीचा माल आणि देणगी एकत्र दिसली की देणारा बिचकतो.

कर्ज मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या शिशु गटात ५०,०००पर्यंत तारणाशिवाय मिळतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) संकेतस्थळावर फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका. तरी पहिल्या खेपेला कर्ज नकोच. आगाऊ मागणी घेऊन १०० पिशव्या करा. छपाई एकाच रंगात ठेवा. रंग वाढला की दर रंगाला वेगळी जाळी लागते. कोऱ्या सुती कापडात खळ असते, ती धुऊन काढली नाही तर शाई धरत नाही. कापड आकसतंही, म्हणून आधी धुणं, मग कापणं, छपाई, शेवटी शिलाई. शाईच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला इस्त्री दिली नाही तर पहिल्याच धुण्यात चित्र उतरतं. पावसात हे काम काढू नका, कापड वाळत नाही आणि बुरशी येते.

डिचोलीकर
खूप आभार. मानधनाचे ६०,००० जास्त वाटतील का? कमी दाखवू?

मांडावरून
कमी करू नका. पाच जण, १२ प्रयोग, म्हणजे माणशी प्रयोगाला १,००० झाले. अर्जात हा हिशेब तसाच मांडा. तालमींचे दिवस आणि ध्वनिवर्धकाचं भाडं अंदाजात दिसत नाही, ते घाला. चतुर्थीचा आठवडा सोडून तारखा ठरवा आणि मुख्याध्यापकांची संमतीपत्रं जोडा. १२पैकी चार शाळांची मिळाली तरी अर्ज पाठवा.