सोव्हिएत मराठी पुस्तकं ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणी वाचली? प्रचार होता की अजून काही, रिसर्चसाठी मदत हवीय

नौपाडा_हिस्टरी

नमस्कार मंडळी. मी एमए हिस्टरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ठाण्यातच राहते. डिझर्टेशनचा विषय कोल्ड वॉरमधली सांस्कृतिक डिप्लोमसी असा आहे पण मला दिल्ली-मॉस्कोच्या वरच्या पातळीवर लिहायचं नाहीये. १९५५ मध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गेले तिथपासून १९९१ ला सोव्हिएत युनियन संपेपर्यंत मॉस्कोत छापलेली जी मराठी पुस्तकं आपल्याकडे आली, प्रगती प्रकाशन, रादुगा वगैरे, ती ठाणे, कळवा, बेलापूर रोडच्या कंपन्यांमधल्या लोकांच्या घरात कशी पोचली आणि त्यांनी त्यांचं काय केलं हे मला बघायचंय.

अडचण अशी की ज्यांच्याशी बोलते ते सगळे भरभरून बोलतात. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, दोन-चार रुपयांत जाडजूड पुस्तक, लहानपणी त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं वगैरे. माझे गाइड म्हणतात की हा एका राज्याने पैसा ओतून केलेला प्रचार होता, तू त्याचा आठवणींचा कार्यक्रम करू नकोस. मला त्यांचं पटतं. पण वाशीतल्या एका रिटायर्ड फिटर आजोबांनी मला गॉर्कीची अख्खी गोष्ट तोंडपाठ असल्यासारखी सांगितली, आणि ते आयुष्यभर काँग्रेसला मत देत आले, कम्युनिस्ट पक्षाच्या ऑफिसची पायरीही चढले नाहीत, मग त्यांच्यावर प्रचार झाला म्हणायचं की नाही? हे कुठल्या पुराव्यावर ठरवायचं? आणि असा पुरावा आपल्या इकडे मिळेल का, कारण मॉस्कोला जायला माझ्याकडे ना पैसे ना रशियन.

वाशी_सेक्टर_नऊ

अगं छान विषय घेतलास, याच्यावर कोणीतरी लिहायलाच हवं होतं. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनियरिंग कंपनीत होते, त्यांच्या युनियनच्या खोलीत ‘सोव्हिएत देश’ या सोव्हिएत प्रचाराच्या नियतकालिकाचे अंक यायचे आणि वाचून झाले की जो आधी मागेल त्याच्या घरी जायचे. आमच्या घरी त्याचं मुख्य काम म्हणजे जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हर घालणं, तो कागद पावसात टिकायचा. म्हणजे ट्रॅक्टरवर बसलेली हसरी बाई माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर असायची आणि आत काय लिहिलंय ते कोणी वाचलं नव्हतं. पण गोष्टींची पुस्तकं मात्र वाचली, पुन्हापुन्हा वाचली, त्यातला बर्फ अजून डोळ्यासमोर आहे.

अजून एक सांगतो, गोष्टींच्या पुस्तकांवरच थांबू नकोस. मीर प्रकाशनाची सायन्सची पुस्तकं बघ. इरोडोव्हची फिजिक्सची गणितं सोडवून ठाण्यातली किती पोरं पवईला गेली असतील. आणि ती पवईची आयआयटी १९५८ ला उभी राहिली तीच मुळी युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून, तिथे रशियन प्रोफेसर शिकवायला होते, मशिनरी तिकडून आली होती. तिथून शिकून बरीच मुलं पुढे अमेरिकेला गेली. मॉस्कोने खर्च केला आणि फायदा कोणाचा झाला याचा हिशोब कोणीतरी मांडायला हवा असं मला फार वाटतं.

ऐरोली_रिसर्च

मी याच एरियात पीएचडी करतोय (माझा भाग अमेरिकन बाजूचा आहे) म्हणून थोडं लांब लिहितो.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झालेत आणि गाइड एकाबद्दल बोलतायत, तू दुसऱ्याबद्दल. पैसे कोणी आणि कशासाठी दिले, हा एक. वाचणाऱ्याने त्याचं काय केलं, हा दुसरा. पहिल्याचे कागद सरकारी असतात. सोव्हिएत बाजूला व्होक्स नावाची संस्था १९२५ पासून परदेशांशी सांस्कृतिक संबंधांचं काम बघत होती, १९५८ ला तिच्या जागी मैत्री संघटनांची मोठी संघटना आली, दोन्हींचे कागद मॉस्कोच्या स्टेट अर्काइव्हमध्ये आहेत. इकडे इस्कस म्हणजे इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटी १९५२ पासून होती. कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूचे कागद जेएनयूच्या पी. सी. जोशी अर्काइव्हमध्ये बघ, आणि वितरणासाठी प्रभादेवीला लोकवाङ्मय गृह या प्रकाशन संस्थेत जाऊन जुन्या माणसांशी बोल, ते आपल्याकडून लोकलने तासाभरावर आहे. पण या कागदांमधून वाचकाबद्दल काहीच कळत नाही. एम्बसीचा रिपोर्ट लिहिणारा माणूस आपलं काम यशस्वी झालं असंच लिहिणार ना, त्याचं पुढचं बजेट त्यावर अवलंबून. हे मी अमेरिकन फायलींमध्ये रोज बघतो.

आणि अमेरिकन बाजू सोडू नकोस प्लीज, नाहीतर प्रचार फक्त एकाच बाजूने चालू होता असं चित्र होतं. यूएसआयए, म्हणजे परदेशात अमेरिकेची बाजू मांडणारी सरकारी संस्था, तिची स्थापना १९५३ ची. अमेरिकन एम्बसीचं स्पॅन मासिक १९६० पासून. १९५८ ला जॅझ संगीतकार डेव्ह ब्रुबेकला स्टेट डिपार्टमेंटने इकडे दौऱ्यावर पाठवलं, १९६३ ला ड्यूक एलिंग्टनला. मार्च १९५१ मध्ये मुंबईत काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमची (कम्युनिस्टविरोधी लेखक-विचारवंतांची संघटना, काँग्रेस पक्ष नव्हे) परिषद झाली, ऑडेन आणि स्पेंडर हे इंग्रजी कवी आले होते, पुढे १९५५ ला निस्सिम इझिकेल यांच्या संपादनाखाली त्यांचं क्वेस्ट हे इंग्रजी नियतकालिक निघालं, आणि १९६६-६७ मध्ये उघड झालं की त्या काँग्रेसला सीआयएकडून पैसा जात होता. तरी क्वेस्टमध्ये छापून आलेला प्रत्येक लेख सीआयएने लिहून घेतला असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. हाच न्याय तुझ्या फिटर आजोबांना लाव.

माझा सगळ्यात आवडता भाग पीएल-४८० चा, म्हणजे ज्या अमेरिकन कायद्याखाली भारताला धान्य यायचं त्याचा. ज्यांच्या घरी रेशनवरची मिलो (लाल ज्वारी) खाल्ली गेली त्यांना नाव माहितीय. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत द्यायचे होते आणि ते रुपये इथेच साठत गेले, इतके की १९७४ मध्ये अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा चेक परत दिला. त्याआधी त्यातल्याच काही रुपयांवर अमेरिकन टेक्स्टबुकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली ऑफिस भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांना पाठवत होतं, मराठी पण. म्हणून आज एखादं जुनं मराठी पुस्तक दादरला मिळत नाही आणि शिकागोच्या कॅटलॉगमध्ये सापडतं. गव्हाच्या मोबदल्यात आपली पुस्तकं तिकडे गेली! यावर मराठीत नीट लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही, तुला हवं तर घे.

कळव्याचा_वाचक

सगळं खरं पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. आठवणी गोड आहेत म्हणून न छापलेल्या गोष्टी विसरायच्या नाहीत. १९५६ ला हंगेरीत रणगाडे घुसले, १९६८ ला प्रागमध्ये घुसले, त्या वेळच्या आपल्या घरातल्या अंकात काय होतं ते काढून बघ, लेखकांना छावण्यांत टाकलं त्याबद्दल एक ओळ तरी होती का ते बघ. गोष्टीचं पुस्तक निरागस असतं पण ते त्याच पार्सलमधून येत होतं. गाइडना एवढंच म्हणायचं असेल तर ते बरोबर आहेत. माझ्या वडिलांची या लोकांवर फार श्रद्धा होती आणि १९९१ नंतर त्यांना जो त्रास झाला तो मी जवळून बघितलाय, त्यामुळे वाचकावर काही परिणामच झाला नाही, त्याने फक्त कव्हरं घातली, असं लिहिलंस तर तेही खोटं होईल.

नौपाडा_हिस्टरी

@कळव्याचा_वाचक काका, हे लिहिलंत ते बरं केलंत, मला असंच कोणीतरी हवं होतं. तुमच्या वडिलांबद्दल सविस्तर बोलाल का, नाव येणार नाही. म्हणजे माझ्याकडे आता तीन तऱ्हेचे वाचक झाले, कव्हर घालणारे, गोष्ट घेऊन बाकी सोडणारे आणि मनापासून विश्वास ठेवणारे, आणि हे तिन्ही एकाच चाळीत असू शकतात. अण्णाभाऊंचं काय करायचं तेही ठरत नाहीये. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा १९४३ ला लिहिला, तेव्हा मॉस्कोतून मराठी पुस्तकांचा पूर यायचा होता. १९६१ ला ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं, आणि २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या लायब्ररीत त्यांचा पुतळा बसला, त्याच्या उद्घाटनाला आपल्याकडून उपमुख्यमंत्री गेले होते. म्हणजे आता तीच डिप्लोमसी आपण करतोय. मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणारा माणूस स्वतःच्या भुकेच्या अनुभवावरून स्टालिनग्राडकडे बघत होता, त्याला मॉस्कोने पढवलं असं मी कधीच लिहिणार नाही.

पण पुरावा? सगळं आठवणींवरच उभं राहिलं तर व्हायव्हाला माझं काही खरं नाही.

ग्रंथालय_सेवक_ठाणे

मी ठाण्यातल्या एका जुन्या वाचनालयात काम करते. तुम्ही पुस्तकं बघताय, रजिस्टर बघा. महाराष्ट्रात १९६७ ला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, अनुदान घ्यायचं तर तपासणी होते, म्हणून दाखल नोंदवही ठेवावीच लागते. त्यात प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख, किंमत आणि ते कुठून आलं हे असतं. विकत घेतलं असेल तर दुकानदाराचं नाव आणि बिल, नाहीतर भेट. कोणी भेट दिलं तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. म्हणजे कॉन्सुलेटने किंवा एखाद्या मैत्री संघाने आणून दिलेला गठ्ठा वेगळा दिसेल आणि सभासदांनी मागणी केली म्हणून वाचनालयाने स्वतःच्या पैशाने घेतलेलं पुस्तक वेगळं दिसेल. शिवाय पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर देवघेवीच्या तारखांचे शिक्के असतात. भेट आलेली भाषणांची पुस्तकं उघडा, चिठ्ठी बहुतेक कोरी निघते. मुलांच्या गोष्टींची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवलेली असते. मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ चं आहे, तिथून सुरुवात करा, मग छोटी वाचनालयं धरा, तिथे रजिस्टर कपाटावर पडलेली असतात पण असतात. घाई मात्र करा, जुनी पुस्तकं निर्लेखित करून (नोंदीतून काढून टाकून) रद्दीत जातात तेव्हा चिठ्ठीही जाते.

कळव्याचा_वाचक

हे उत्तम आहे. पण एक धरून चाला, विकत घेतलं म्हणजे स्वतःच्या मर्जीने घेतलं असं होत नाही. ते पुस्तक एवढं स्वस्त का होतं? किंमत कमी ठेवणं हाच तर त्यांचा डाव होता. तुटपुंज्या अनुदानात पुस्तकांची संख्या वाढवायची तर वाचनालय काय घेणार?

ऐरोली_रिसर्च

@कळव्याचा_वाचक बरोबर, आणि त्याचं उत्तर त्याच रजिस्टरमध्ये आहे. शेजारच्या ओळीत त्याच महिन्यात घेतलेल्या मराठी कादंबरीची किंमत असेल. दोन्ही किमती वर्षावर्षाने मांडायच्या, म्हणजे मॉस्को दर पुस्तकामागे साधारण किती सोसत होतं याचा अंदाज रशियन न येताही बांधता येईल. आणि चिठ्ठीवरचे शिक्के किंमतीशी बांधलेले नाहीत, वाचकाला दोन्ही पुस्तकं एकाच वर्गणीत मिळत होती. तिथे तरी त्याची मर्जी दिसते. स्वस्त अमेरिकन टेक्स्टबुकांनाही हेच माप लाव.

नौपाडा_हिस्टरी

मॅडम, मी तुम्हाला मेसेज केलाय, कुठलं वाचनालय ते इथे लिहू नका, परवानगीचं पत्र डिपार्टमेंटकडून आणते. वाशीच्या काकांनी युनियनच्या खोलीबद्दल लिहिलंय, अशा खोल्यांमधली पुस्तकं नंतर कुठे गेली कोणाला माहितीय का? रबाळे, तुर्भे, कोपरखैरणे या बाजूच्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या युनियनची कपाटं, कोणाच्या घरी एखादं पुस्तक उरलं असेल तर फेकू नका, पहिल्या पानाचा आणि मागच्या चिठ्ठीचा फोटो काढून पाठवा. त्यावर युनियनचा शिक्का असेल तर फार मोठं काम होईल.

वाशी_सेक्टर_नऊ

माझ्याकडे दोन आहेत, शिक्क्यासकट. रविवारी ये, वडिलांचे एक जोडीदार कोपरखैरण्याला आहेत त्यांनाही बोलावून ठेवतो, युनियनचं कपाट तेच सांभाळायचे.