द्राक्षबागेच्या उत्पन्नावर मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाची तजवीज कशी करावी?

प्रश्न : बागायतदार, तासगाव तालुका

नमस्कार. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. बहुतेक माल आम्ही बेदाणा करून शीतगृहात ठेवतो आणि दर पाहून विकतो. थोरली मुलगी यंदा बारावीला असून सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळावे म्हणून ती मनापासून अभ्यास करते आहे. धाकटी आठ वर्षांची आहे. बागेचा पैसा उन्हाळ्यात हाती येतो, पण शुल्क भरण्याची वेळ येते ती नेमकी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, जेव्हा औषधे, खते आणि मजुरी यांनाच रोख पुरत नाही. बँकेत ४ लाखांची ठेव आहे. ती मोडावी, की शैक्षणिक कर्ज काढावे?

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, विश्रामबाग, सांगली

ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बागायतदाराच्या घरी ती अवकाळी पावसाच्या किंवा डाऊनी या बुरशीरोगाच्या वर्षीचा आधार असते, आणि शिक्षणाच्या चार वर्षांत असे एखादे वर्ष येणारच, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही आणि पालकांना स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. बँक शुल्क दरवर्षी थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरते, त्यामुळे छाटणीच्या वेळची ओढाताण टळते. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. मात्र त्या काळातही व्याज चढत राहते, म्हणून बेदाण्याचे पैसे आले की त्या वर्षाचे व्याज भरून टाकावे. तुम्ही सहकर्जदार असाल, तेव्हा पीककर्ज थकलेले असल्यास ते आधी नियमित करून घ्या. अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो.

उत्तर : पालक, कराड

कर्जाचा आकडा ठरवण्याआधी शुल्क किती उरते ते पाहा. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांतूनच, झालेला असावा लागतो. आमच्याकडून इथेच चूक झाली. पहिल्या फेरीत मनासारखी शाखा मिळाली नाही, म्हणून घाईने एका खासगी महाविद्यालयात संस्थास्तरावर, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागेवर, प्रवेश घेतला, आणि सवलतीस पात्र असूनही सगळे शुल्क स्वतः भरले. त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही पुढच्या फेरीपर्यंत थांबलो असतो, ही खंत अजून जात नाही. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि प्रवर्गाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च मात्र माफीत येत नाही.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, विश्रामबाग, सांगली

वरील मुद्दा मोलाचा आहे. माफी मिळाली तर कर्ज केवळ राहण्या-खाण्यापुरते, कदाचित लाख-दीड लाखाचेच लागेल. धाकटीचे सुकन्या समृद्धी खाते तिला दहा वर्षे पूर्ण होण्याआधी उघडा. वर्षाला किमान २५० रुपये आणि कमाल दीड लाख भरता येतात, आणि रक्कम एकरकमी भरता येत असल्याने तुमच्या उन्हाळी उत्पन्नाला ते सोयीचे आहे. मात्र उच्च शिक्षणासाठी त्यातून आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते आणि खाते पूर्ण होते ते उघडल्यापासून २१ वर्षांनी, म्हणजे ती २९ वर्षांची असताना. म्हणून त्याच्या जोडीला तिच्या नावे एखादी आवर्ती ठेवही चालू ठेवा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. केंद्रीभूत फेरीची अट मला मुळीच ठाऊक नव्हती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोमवारी तलाठ्यांकडे जातो, आणि ठेवीला तूर्त हात लावत नाही.