तळ्यात प्राणवायू भरपूर, तरी पहाटे मासे मरतात: भोवतालच्या जमिनीचा परिणाम कसा तपासावा?

तिसवाडीकर

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील आमच्या गावच्या तळ्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. तळ्याच्या पूर्वेच्या डोंगरउतारावर पूर्वी काजू आणि रान होते, आता तेथे बंगले आणि एक मोठी वसाहत आहे. पश्चिमेला भातशेती असून मानशीतून (तळ्याच्या पाणी सोडायच्या दारातून) सोडलेल्या पाण्यावर आम्ही वायंगण (पावसाळ्यानंतरचे भात) पिकवतो. यंदा मार्चमध्ये पहाटे मेलेले मासे काठाला लागले, म्हणून काही ग्रामस्थांनी खाजगी प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतले. नमुना दुपारी तीनच्या सुमारास मानशीजवळ घेतला होता. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ९ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ८.८, तर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही अत्यल्प असे आकडे आले. ‘प्राणवायूचे प्रमाण उत्तम’ असा शेराही मिळाला. ग्रामसभेत तोच कागद पुढे करून वसाहतीचा आणि तळ्याचा काही संबंध नसल्याचे सांगण्यात आले. हा निष्कर्ष योग्य आहे का? नसेल, तर पाणी नेमके कसे तपासावे?

जलरसायन

हा अहवाल तळे निरोगी असल्याचा पुरावा नाही. माझ्या मते तो आजाराचेच लक्षण आहे. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळू शकणारा प्राणवायू साधारण साडेसात मिलिग्रॅमपर्यंतच असतो. त्याहून अधिकचा प्राणवायू पाण्यातच तयार झालेला आहे, म्हणजे शेवाळ आणि पाणवनस्पती भर उन्हात जोमाने प्रकाशसंश्लेषण करत आहेत. ती क्रिया पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे सामू चढतो. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील पाणी बहुधा मऊ असते आणि सामूतील असे चढउतार त्याला सावरता येत नाहीत. तुमचा ८.८ हा आकडा याच कथेचा दुसरा भाग आहे. रात्री तेच शेवाळ आणि तळाच्या गाळातील जिवाणू प्राणवायू वापरत राहतात, आणि सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण नीचांकाला पोहोचते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आणि ६.५ ते ८.५ सामू अपेक्षित आहे. पहाटेचे मोजमाप केल्याशिवाय यातील पहिल्या अटीबद्दल काहीच म्हणता येत नाही, आणि दुसरी तर दुपारीच मोडलेली आहे. शिवाय अमोनियाचा विषारी अंश चढ्या सामूत वाढतो, त्यामुळे अमोनिया तपासायलाच हवा होता.

आता कमी फॉस्फेटविषयी. आपल्या तांबड्या मातीतील लोहाची संयुगे फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते पाण्यात विरघळलेले कमी आणि गाळात साठलेले जास्त सापडते. जे थोडे पाण्यात उतरते ते शेवाळ लगेच उचलते. तळाशी प्राणवायू संपला की लोहाची ती पकड सुटते आणि फॉस्फेट पुन्हा वर येते. म्हणून केवळ विरघळलेले फॉस्फेट न मोजता एकूण फॉस्फरस आणि हरितद्रव्य (शेवाळाचे प्रमाण दाखवणारे क्लोरोफिल) मोजावे. पांढऱ्या-काळ्या तबकडीने पारदर्शकता मोजण्याची पद्धत स्वस्त आणि चांगली आहे. तबकडी अर्ध्या मीटरवरच दिसेनाशी झाली, तर कार्लसन या शास्त्रज्ञाच्या १९७७ मधील तळ्यांच्या पोषणपातळीच्या निर्देशांकानुसार तळे अतिपोषित (शेवाळाला खाद्य अति झालेल्या) गटाकडे झुकते. मात्र जून-जुलैमध्ये ओहळांतून तांबडी माती उतरते तेव्हा गढूळपणा मातीचा असतो, शेवाळाचा नव्हे. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातील तळ्यांना तर हा निर्देशांक पारदर्शकतेवरून लावूच नये. तेथे हरितद्रव्यच पाहावे.

वसाहतीचा संबंध ठरवायचा असेल तर मानशीजवळचा नमुना मुळीच उपयोगी नाही, कारण तेथे सगळे पाणी मिसळून गेलेले असते. प्रत्येक ओहळाचा नमुना तळ्याला मिळण्यापूर्वी वेगळा घ्या आणि त्याच वेळी प्रवाहही मोजा. एका ओहळात सेकंदाला १० लिटर पाणी वाहत असून नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला ८६४ ग्रॅम नायट्रोजन तळ्यात जातो. दुसऱ्या ओहळात प्रमाण दुप्पट पण प्रवाह २ लिटरच असेल, तर तेथून साडेतीनशे ग्रॅमदेखील जात नाही. ग्रामसभेत मांडायचा असेल तर हा भार मांडावा, निव्वळ प्रमाण नव्हे.

वायंगणकर

तिसवाडीकरबाब, पाण्याची खोली नोंदल्याखेरीज कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. मार्चपर्यंत वायंगणासाठी बरेच पाणी सोडलेले असते आणि उरलेले बाष्पीभवनाने आटते. तेच क्षार कमी पाण्यात दाट होतात, त्यात जमिनीच्या वापराचा दोष नसतो. मानशीच्या भिंतीवर रंगाने पट्टी आखून घ्यावी, खर्च नगण्य आहे. दुसरे असे की, शेतीही निर्दोष नाही. तळ्याच्या वरच्या अंगाच्या मळ्यात युरिया टाकल्यानंतर जोराचा पाऊस पडला, तर त्यातील नत्र कोठे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. केवळ वसाहतीकडे बोट दाखवून तपासणी सुरू केली, तर पहिला प्रतिप्रश्न हाच येईल.

नकाशाप्रेमी

जमिनीचा वापर तपासताना गावाची हद्द धरू नये. तळ्याचे पाणलोट क्षेत्र धरावे. मोफत मिळणाऱ्या ३० मीटर तपशिलाच्या उंची-प्रतिमानावरून (जमिनीच्या उंचीच्या संगणकीय नकाशावरून) ते आखता येते, पण रस्त्याची गटारे आणि मोऱ्या त्यात दिसत नाहीत. म्हणून आखलेली सीमा भर पावसात चालून पडताळावी. सेंटिनल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रे २०१५ पासून उपलब्ध आहेत, आणि त्यावरून उतारावर झाडी केव्हा गेली हे समजते. पावसाळ्यात ढगांमुळे ती निरुपयोगी ठरतात. गोव्यात आणखी एक अडचण आहे: उन्हाळ्यातला उघडा सडा (जांभ्याचे पठार) संगणकाला बांधकामासारखा दिसतो आणि काजूबाग जंगलासारखी. आपोआप झालेले वर्गीकरण जसेच्या तसे दाखवले, तर विरोधक ते सहज खोडून काढतील.

तिसवाडीकर

सर्वांचे आभार. सगळ्या चाचण्या वारंवार करणे आम्हाला परवडणारे नाही. सांडपाणी येते की नाही एवढे ठरवायला कमीत कमी काय करावे? काहींनी क्लोराइड तपासण्यास सुचवले आहे.

जलरसायन

आपल्या तळ्याची मानस खाजनाच्या (भरतीच्या पाण्यालगतच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बाजूला उघडत असेल, तर भरतीचे खारे पाणी झिरपून क्लोराइड वाढू शकते. त्यामुळे तळ्यातील क्लोराइडवरून सांडपाण्याचा निष्कर्ष काढू नका. वसाहतीखालचा आणि रान शिल्लक असलेल्या बाजूचा, असे दोनच ओहळ निवडा आणि दोन्हींत अमोनिया, विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) व विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) तपासा. कोलिफॉर्म गुरांमुळेही येतात, म्हणून चरण्याच्या जागा नोंदवून ठेवा. नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात ठेवावा आणि शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. पहिली फेरी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात करा, कारण तेव्हा उतारावर साठलेले सगळे खाली येते. दुसरी पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरमध्ये, आणि तिसरी मार्चमध्ये करा. जांभ्याच्या भेगांतून झिरपणारे सेप्टिक टँकचे पाणी कोरड्या दिवसांतच ओळखू येते, कारण पावसाचे पाणी तेव्हा त्यात मिसळलेले नसते. तळ्यातील प्राणवायूसाठी मीटर उसना मिळाला, तर एकाच ठिकाणी पहाटे साडेपाच आणि दुपारी तीन अशी दोन मोजमापे घ्या. आणि काठावर मेलेले मासे पुन्हा दिसले, तर ती सकाळ वाया घालवू नका. मीटर तेव्हाच पाण्यात बुडवा.